डॉ. वज्रकुमार यांचं पथ्य

महाराष्ट्रात वाढलेला आणि डॉ. वज्रकुमार यांची भिंत न वाचलेला पुरुष शोधून सापडायचा नाही. खोटं कशाला बोला? एसटीच्या खिडकीतून सगळ्यांनी वाचलीय. पिवळ्या चुन्यावर निळी ढोबळ अक्षरं: 'निराश होऊ नका. लग्नापूर्वी व लग्नानंतर भेटा. डॉ. वज्रकुमार, लंडन रिटर्न.' खाली गावं आणि वार. मिरज सोमवारी, सोलापूर बुधवारी, लातूर शुक्रवारी, स्टँडसमोरच्या अमुक लॉजवर, वरचा मजला. शेजारी फेटेवाल्या, मिशीवाल्या एका पैलवानी माणसाचं चित्र. आई शेजारी बसलेली असेल तर मुलं त्या भिंतीकडे न बघता वाचायची, हीही एक कलाच.

श्रीनाथ घोसरवाडे इंजिनिअरिंगला पुण्यात होता तेव्हा हॉस्टेलची अख्खी सहल गाडीतून ही पाटी कोरसमध्ये म्हणायची. श्रीनाथचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा असायचा. तो मोठा ठेवणं त्याला भाग होतं, कारण डॉ. वज्रकुमार हे त्याचे सख्खे वडील होते.

नाव अर्थातच धंद्याचं. वडिलांचं खरं नाव रमेश घोसरवाडे, मुक्काम जयसिंगपूर, शिक्षण बीएस्सी, तेही एक विषय राहिलेलं. 'वज्रकुमार' ही पदवी खापरपणजोबांपासून गादीसारखी चालत आली होती. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात त्या गृहस्थांनी इंग्रजी पेपरातल्या जाहिराती बघून बघून 'वज्रगुटी' काढली. चित्रातली मिशी त्यांचीच. लंडनला ते कधी गेले नव्हते, तिथल्या एका औषधवाल्याला लिहिलेलं त्यांचं पत्र तेवढं पत्ता चुकल्यामुळे परत आलं होतं. तर असं हे घराणं. पुढच्या प्रत्येक पिढीने तीच गोळी, तीच मिशी आणि तीच भिंत चालवली. प्रत्यक्षातला डॉक्टर दिसतो कसा, हे फक्त लॉजचा जिना चढून गेलेल्यालाच ठाऊक. आणि जो चढला तो कशाला बोलतोय?

श्रीनाथने मात्र गादी नाकारली. जर्मनीत आखनला येऊन तो गिअरबॉक्सच्या आवाजावर पीएचडी करायला लागला. इतक्या लांब मराठी भिंत येणार नाही, एवढा साधा हिशोब होता. आणि इथे येऊन पठ्ठ्या प्रेमात कोणाच्या पडावा? ईप्सिताच्या. ईप्सिता त्याच विद्यापीठात वैद्यकाचा इतिहास शिकत होती आणि तिच्या प्रबंधाचा विषय होता व्हिक्टोरियन काळातली पेटंट औषधं आणि हॉटेलात दुकान मांडून बसणारे भोंदू स्पेशालिस्ट. देवाला विनोदबुद्धी नाही असं म्हणणाऱ्याने हे एकदा ऐकावं.

रोज संध्याकाळी मेन्सामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, बटाटे चिवडत ती त्याला नवीन सापडलेली जाहिरात वाचून दाखवायची. "तर, आल्झो, ऐक. मँचेस्टरचा पेपर. 'निराश होऊ नका.' काय निर्लज्ज लोक होते रे, माणसाच्या भीतीवर जगायचे." श्रीनाथ म्हणायचा, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, आणि पाणी प्यायचा. वडील काय करतात असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, आयुर्वेदिक कंपनीत होते, रिटायर झाले. एक खोटं बोललं की त्याला पोसावं लागतं. हे दोन वर्षं पोसलं होतं आणि चांगलं बाळसं धरलं होतं.

आता लग्नाचं ठरवायची वेळ आली. ईप्सिताचे आईबाबा, ऊर्मिलाताई आणि सत्यजितराव, उन्हाळ्यासाठी तिच्याकडे आले होते. सत्यजितराव पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेली एकुलती एक पोर, त्यामुळे बापाचा जीव की प्राण. ईप्सिताने श्रीनाथला स्वच्छ सांगून ठेवलं होतं, "बाबा रुसलेले असताना मी स्टांडेसआम्टात जाऊन लग्नाच्या कागदावर सही करणार नाही. पळून जाऊन लग्न करण्यातली मी नव्हे. त्यांचा होकार आण, मग तारीख घेऊ." म्हणजे सगळं त्या एका होकारावर टांगलेलं.

मुलगा-मुलगी एकाच गावात असले तरी पद्धत ती पद्धत. वडीलधाऱ्यांनी समोरासमोर बसून पोहे खाल्ल्याशिवाय आपल्यात काही ठरत नाही. श्रीनाथने वडिलांना, म्हणजे आप्पांना, बोलावून घेतलं. आई जाऊन चार वर्षं झाली होती, ते एकटेच आले. विमानतळावरून आखनपर्यंत गाडीत श्रीनाथने त्यांची उजळणी घेतली.

"आप्पा, तुम्ही काय होतात?"

"आयुर्वेदिक कंपनीत."

"हुद्दा?"

"मार्केटिंग," आप्पा म्हणाले. "त्यात खोटं काय आहे? भिंती मीच रंगवून घ्यायचो."

"भिंतींचं नावसुद्धा काढायचं नाही."

"बरं बाबा. भिंतीशिवायची कंपनी." आप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. "इथे मोकळ्या भिंती मात्र पुष्कळ आहेत हं."

रविवारी सकाळी दोघं ईप्सिताच्या फ्लॅटवर गेले. आप्पांनी इस्त्रीचा नेहरू शर्ट घातला होता, केस चापून बसवले होते, हातात मिठाईऐवजी आखनच्या प्रिंटन बिस्किटांचा डबा. दार सत्यजितरावांनी उघडलं. "या या, या ना," असं म्हणत त्यांनी हात पुढे केला आणि आप्पांच्या तोंडाकडे पाहिलं. हात तिथेच राहिला. चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्यांना एकाएकी बाथरूमला जायचं होतं.

आप्पांनी आपला हात शांतपणे मागे घेतला आणि ऊर्मिलाताईंना नमस्कार केला. "नमस्कार ताई. मी रमेश घोसरवाडे. आपल्या सगळ्यांची ही पहिलीच भेट." इतक्या सपाट, सरकारी आवाजात म्हणाले की श्रीनाथला बरं वाटलं. बापाने पाठांतर चांगलं केलंय असं त्याला वाटलं, यापलीकडे त्याच्या डोक्यात काही शिरलं नाही.

सत्यजितराव बाथरूममधून बाहेर आले ते वेगळाच माणूस होऊन. पोह्यांना हात लावला नाही. आप्पांकडे एकदाही बघितलं नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरशीच बोलत राहिले. आप्पा मात्र पोह्यांची तारीफ करत, पावसाची चौकशी करत निवांत बसले होते.

"अहो, मुलाला काही विचारायचं असेल तर विचारा ना," ऊर्मिलाताई म्हणाल्या.

"काय विचारायचं? गिअरबॉक्स करतो म्हणे," सत्यजितराव म्हणाले. "इलेक्ट्रिक गाडीला गिअरबॉक्स लागत नाही. पाच वर्षांनी काय करणार हा? शिवाय ह्यांच्याकडे जयसिंगपूरला पाणी जड आहे."

"बाबा, आम्ही जर्मनीत राहणार आहोत," ईप्सिता म्हणाली.

"इथलंही जडच आहे. केटल बघ जाऊन." सत्यजितराव उठले. "विचार करून कळवतो."

आता, 'विचार करून कळवतो' म्हणजे काय हे मराठी माणसाला सांगायला नको. ईप्सिता त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली, तिचे डोळे भरले होते. "बाबा असे कधीच वागत नाहीत रे. काल रात्री तर तुझ्यासाठी श्रीखंड करायचं म्हणत होते. आल्या आल्या तुझ्या आप्पांनी काही म्हटलं का त्यांना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आप्पांना गावात फिरायला घेऊन गेला. एलिझेनब्रुनेन नावाच्या जुन्या कारंज्यापाशी नळातून गंधकाचं गरम पाणी वाहतं, सडक्या अंड्यासारखा वास मारतं. पिऊ नये अशी पाटी लावलेली. पूर्वी राजेरजवाडे हेच पाणी प्यायला येत असत, असं श्रीनाथने सांगितल्यावर आप्पांनी आदराने नाक पुढे केलं. "वास झकास आहे. इतकी घाण येते म्हणजे गुण असणारच, असं वाटतं बघ माणसाला. आपण उगाच गोळ्या पाडत बसलो."

श्रीनाथचं लक्ष नव्हतं. रात्रभर तो एकच गोष्ट मनात फिरवत होता आणि आता कुठे ती बरोबर बसली होती. बघताक्षणी ओळखणारा माणूस जिना चढलेलाच असणार, दुसरा रस्ता नव्हता.

"आप्पा, ते तुमचे पेशंट होते."

"कोण?"

"सत्यजितराव."

आप्पा कबुतरांकडे बघत राहिले. "मला नाही माहीत."

"तुम्ही एकदा पाहिलेला बैलसुद्धा विसरत नाही. त्यांनी तुम्हाला ओळखलं म्हणून ते घाबरलेत. बायकोला कळेल म्हणून घाबरलेत. आणि त्यापायी माझं लग्न मोडायला निघालेत. आप्पा, तुम्ही त्यांना बाजूला घेऊन नुसतं म्हणालात ना, की साहेब, काळजी करू नका, तरी ते उद्या होकार देतील."

"असं म्हणणं म्हणजेच ओळखणं."

"मग ओळखा की. पोराच्या लग्नासाठी एकदा."

आप्पा बाकावर बसले. बोलले तेव्हा आवाज खाली आला होता. "माझ्यासमोर जो येई तो पाटील असे. सगळे पाटील. आणि मित्रासाठी विचारायला आलेले. चाळीस वर्षांत एकाने खरं नाव सांगितलं नाही, आणि मी एकालाही विचारलं नाही. रस्त्यात समोर आले तर मी दुकानाच्या पाट्या वाचायचो. तुझ्या मामाच्या लग्नात मांडवात सहा जण होते माझे. सहाही जणांनी मला जेवणात आग्रह केला, मीही केला, कोणी कोणाला ओळखलं नाही."

"तुम्ही काय खरे डॉक्टर आहात का?" श्रीनाथच्या तोंडून निघून गेलं.

"नाहीये," आप्पा म्हणाले. "म्हणूनच. खऱ्या डॉक्टरची जीभ घसरली तर त्याची पदवी त्याला सांभाळून घेते. माझ्याकडे काय होतं रे? आलेल्या माणसाने माझ्यावर टाकलेला विश्वास, तेवढाच. गोळी खोटी, मिशी खोटी, लंडन खोटं. हे एक तरी खरं असू दे."

श्रीनाथला राग आला आणि लाजही वाटली. जन्मभर ज्या बापाला त्याने कपाटात लपवून ठेवलं तो बाप परक्याची लाज पोराच्या लग्नापेक्षा जपत होता. त्याला वाटलं, आपण याच्या पासंगालाही पुरत नाही. सत्यजितरावांचं गुपित आप्पांचं होतं, त्याला हात लावायचा नव्हता. पण एक गुपित त्याचं स्वतःचं होतं, आणि ते तरी आता सांगायला हवं होतं.

दुपारी त्याने ईप्सिताला लायब्ररीच्या बाहेर गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. भिंत, मिशी, लॉज, वज्रकुमार. फक्त सत्यजितरावांचं नाव काढलं नाही.

ईप्सिता म्हणाली, "दोन वर्षं मी तुला त्या जाहिराती वाचून दाखवतेय. आणि तू पाणी पीत बसायचास." तिचा चेहरा इतका कडू झाला होता की श्रीनाथला वाटलं, संपलं. "खोटारड्या. तुझ्या वडिलांची लाज वाटते म्हणून मला फसवलंस? मला त्यांच्या धंद्याचं काही वाटलं नसतं. खोटं बोललास त्याचं वाटतं." तिने बॅग खांद्यावर मारली, चार पावलं गेली, आणि थांबली. वळली. संताप होताच, पण त्याच्या मागून दुसरंच काहीतरी डोकं वर काढत होतं. "लॉजवर ठरलेल्या वारी बसायचे?"

"हो."

"आणि भिंतीवरचं 'निराश होऊ नका'? पहिल्यापासून हेच शब्द?"

"पिढ्यान्पिढ्या."

"देवा," ती म्हणाली. "मी तीन देशांतली कागदपत्रं चाळतेय आणि तो माणूस तुझ्या सोफ्यावर झोपलाय." तिने डोळे पुसले. "तुला मी माफ केलेलं नाही. ते नंतर. पण शनिवारी त्यांना जेवायला घेऊन ये. मी त्यांची मुलाखत घेणार. आणि आईबाबांच्या समोर. आमच्या घरात यापुढे काही लपवायचं नाही."

आता घ्या. श्रीनाथने खूप आढेवेढे घेतले. एकटीनेच घे मुलाखत, आईबाबांना कशाला त्रास, वगैरे. कारण सांगता येईना, त्यामुळे पटेना. आप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "मुलगी विचारेल ते सांगेन. धंद्याबद्दल सांगायला बंदी नाही, माणसांबद्दल आहे."

शनिवारी ऊर्मिलाताईंनी भरली वांगी केली होती. सत्यजितराव डोकं दुखतंय म्हणून आत पडून होते, त्यांना बायकोने हाताला धरून पानावर आणून बसवलं. वाढून झालं आणि ईप्सिताने फोन टेबलाच्या मधोमध ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आईबाबा, एक सांगायचंय. श्रीनाथचे आप्पा म्हणजे डॉ. वज्रकुमार."

ऊर्मिलाताईंचा डाव आमटीतच राहिला. "कोण, ते भिंतीवरचे?"

"तेच, ताई," आप्पा म्हणाले. "मिशी पणजोबांची."

ऊर्मिलाताईंनी तोंडाला पदर लावला. हसू की काय करू असं त्यांना झालं होतं. सत्यजितरावांनी वांग्यात मान घातली ती वर काढली नाही.

ईप्सिता मात्र रंगात आली. कोण लोक यायचे, काय म्हणायचे, घाबरलेले असायचे का. आप्पा सांगत गेले. तरणीताठी पोरं यायची, त्यांना काही झालेलं नसायचं, कोणीतरी डोक्यात काहीतरी भरवलेलं असायचं. मुलं होत नाहीत म्हणून येणारे यायचे. त्यांची अवस्था सगळ्यांत वाईट, असं आप्पा म्हणाले, कारण ते खुर्चीच्या कडेवर बसायचे, रडायलाही जागा नसल्यासारखे. नाव एकाचंही घेतलं नाही, गाव घेतलं नाही.

"आणि गोळीत काय असायचं, काका?"

"ज्येष्ठमध. साखर. रंगाला थोडा कात, आणि कडू व्हावी म्हणून काडेचिराईत. कडू नसली तर माणसाचा विश्वास बसत नाही."

"बस? औषध काहीच नाही?"

"काडीचं नाही."

"ज्येष्ठमध?" असं कोणीतरी म्हणालं, आणि ते सत्यजितराव होते. त्यांनी मान वर काढली होती आणि कपाळाची शीर उडत होती. "ज्येष्ठमध? अहो, सुवर्णभस्म आहे म्हणाला होतात तुम्ही. नेपाळहून येतं म्हणाला होतात. तीन महिने मी उपाशीपोटी ती कडूजहर गोळी गिळली, सोलापूरला खेपा घातल्या, साहेबाला दर वेळी सांगायचो की मावशी आजारी आहे—"

आणि मग त्यांना कळलं की आपण काय बोलून बसलोय. पाटबंधारे खात्यात धरणं बांधली माणसाने, पण ज्येष्ठमधापुढे बांध टिकला नाही. फसवलं गेल्याचा राग लाजेपेक्षा मोठा निघाला. सरकारी नोकराचं तसंच असतं.

आप्पा ताटाकडे बघत होते. जणू काही ऐकलंच नव्हतं.

"तुम्ही?" ऊर्मिलाताई म्हणाल्या. "कधी?"

"कराडला होतो तेव्हा," सत्यजितराव म्हणाले. आवाज एकदम बसला होता. मग ते आप्पांकडे वळले, आणि आता त्यांच्या तोंडावर राग नव्हता, भलतंच काहीतरी होतं. "पण गुण आला होता. ही झाली. गोळीत काही नव्हतं तर ही कशी झाली?"

"ती तुमची दोघांची," आप्पा म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी सत्यजितरावांकडे सरळ पाहिलं. "माझा त्यात काही हात नाही. मी मुलांसाठी येणाऱ्या सगळ्यांनाच गोळीबरोबर एक पथ्य सांगायचो. संध्याकाळी बायकोला घेऊन बाहेर फिरायला जायचं, घरातलं कोणी तिला बोलत असेल तर तिथे बसून ऐकायचं नाही, आणि तिच्याशी गोड राहायचं. कुणाचं कशाने झालं ते देव जाणे. गोळीने नाही, एवढं मला माहीत आहे."

सत्यजितराव खुर्चीत मागे टेकले. तीस वर्षं हा माणूस समजत होता की पोर आपल्याला कुणा लॉजवरच्या वैदूने दिली. तिच्या पहिल्या वाढदिवसाला, दहावीच्या निकालाला, विमानतळावर सोडताना, दर वेळी आत कुठेतरी हेच टोचत आलं होतं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते पुसायचं त्यांना सुचलं नाही.

पण ऊर्मिलाताई रडत नव्हत्या. त्या काहीतरी आठवत होत्या. "त्या उन्हाळ्यात तुम्ही मला रोज प्रीतिसंगमावर न्यायचात," त्या सावकाश म्हणाल्या. "भेळ खायचो आपण. मला वाटायचं, हौसेनं नेताय. ते पथ्य होतं?"

"पहिला आठवडा पथ्य होतं," सत्यजितराव म्हणाले. "नंतर हौस."

"आणि घरी आल्यावर सासूबाई मला वांझ म्हणायच्या. दुसरी बघू म्हणायच्या. मला किती डॉक्टर केले, किती उपास केले, माझ्या अंगावर कोणाकोणाचे अंगारे लावले. तेव्हा तुम्ही गुपचूप सोलापूरला जाऊन गोळ्या खात होतात?"

"हो."

"म्हणजे तुम्हाला वाटत होतं की तुमच्यात काही असेल."

सत्यजितरावांनी मान हलवली.

"आणि आईंना एक शब्द बोलला नाहीत. नऊ वर्षं मी ऐकून घेतलं. त्या गेल्या, मला वांझोटी म्हटल्याबद्दल कधी चूक झाली म्हणाल्या नाहीत, कारण त्यांना वाटलं, नवसाने झालं." ऊर्मिलाताईंचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "आता म्हणा. पोरीसमोर म्हणा."

श्रीनाथला उठून जावंसं वाटत होतं, पण आप्पांनी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबून धरला होता.

सत्यजितरावांनी पाण्याचा घोट घेतला. "दोष माझ्यात असेल असं मला वाटत होतं, ऊर्मिला. तुझ्यात नाही. पहिल्यापासून वाटत होतं. आईला सांगायची हिंमत झाली नाही. तुला बोलू दिलं तिला. मी भित्रा होतो."

ईप्सिताने हळूच हात पुढे केला आणि फोनवरचं रेकॉर्डिंग बंद केलं. तिच्या प्रबंधात बसणारं हे नव्हतं.

"चालू कर गं ते परत," ऊर्मिलाताई म्हणाल्या.

"आई, राहू दे ना. हे घरातलं आहे."

"चालू कर म्हणते. त्या भोंदूंचे सगळे शब्द तू जपून ठेवतेस, हेही ठेव." त्यांनी नवऱ्याकडे तोंड केलं. "अहो, पुन्हा सांगा. मोठ्याने सांगा, नीट ऐकू आलं पाहिजे."

ईप्सिताने बटण दाबलं. सत्यजितरावांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी न अडखळता, आईचं नाव घेऊन, स्वतःचं नाव घेऊन, तारखेच्या जागी साल सांगून, खात्यात अहवाल वाचून दाखवावा तसं. ऊर्मिलाताईंनी शेवटपर्यंत ऐकलं. मग त्यांनी भाताचं भांडं उचललं आणि आप्पांच्या पानात भात वाढला.

"घोसरवाडेसाहेब, आमच्याकडून होकार आहे," त्या म्हणाल्या. "ह्यांना विचारायचं कारण नाही. ह्यांना जे सांगायचं होतं ते ह्यांचं आज सांगून झालंय."